पळून काय मिळतंय? तेरा माणसांच्या एका शनिवारची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही पण वाचायला मिळतो, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो, ते काढून टाकलंय. बाकी गोष्ट तीच आहे.

आज पळण्याबद्दल बोलायचंय. ऑलिंपिकमधल्या पळण्याबद्दल थोडं, पण जास्त करून साध्या पळण्याबद्दल. दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच वेळेला, चार माणसं जमतात आणि पळतात. त्याचा इतिहास असतो का? असतो. आणि तो मला वाटला होता त्यापेक्षा बराच वेगळा निघाला.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी मुरगूडचा. कोल्हापूर जिल्हा, कागल तालुका, वेदगंगेच्या काठचं आमचं गाव. निपाणीहून राधानगरीकडे निघालात की वाटेत लागतं. बीटेक झाल्यावर पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी धरली, म्हणजे आठवडाभर खुर्चीत आणि शनिवार-रविवार जमेल तेव्हा गावी. आमच्याकडे पहाटे साडेपाचला रस्त्यावर या, तुम्हाला पळणारी पोरं दिसतील. हाफ चड्डी, घामानं पाठीला चिकटलेला बनियन, काहींच्या पायात बूट, काही अनवाणी. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या उजेडात पळतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला वाटेल, वा, काय फिटनेसची आवड आहे! पण ती आवड नसते हो. ती भरती असते. सैन्यभरती, पोलीसभरती. ती पोरं नोकरीकडे पळत असतात.

त्यातलाच एक माझा धाकटा भाऊ.

सैन्यभरतीच्या मैदानी चाचणीत १६०० मीटर पळावं लागतं. साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर पूर्ण ६० गुण. पाच मिनिटं एकतीस सेकंद ते पाच पंचेचाळीस या वेळेत आलात तर ४८. आणि २०१९ साली नियम असा होता की त्यानंतर आलात तर घरी जा. माझा भाऊ २०१९ साली पहिल्यांदा मेळाव्यात उतरला. वेळ संपली की शेवटच्या रेषेवर दोरी आडवी धरतात. दोरीच्या आत जे आले ते आले. ती दोरी आडवी झाली तेव्हा तो, त्याच्या शब्दांत सांगायचं तर, "दोरीला हात लावता येईल एवढ्यावर" होता. पुढच्या वेळी नक्की, असं घरात सगळेच म्हणाले. मग कोरोना आला, त्या दोन वर्षांत बहुतेक मेळावे झालेच नाहीत. यानं पळणं सोडलं नव्हतं. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली, त्या एका वर्षापुरती वयाची मर्यादा २३ केली गेली. तोवर यानं तेविशी ओलांडली होती. काही महिन्यांचाच फरक.

त्या दिवसापासून तो पळाला नाही. बूट आईनं धुऊन माळ्यावर ठेवले. आता तो गावातल्या दूध संकलन केंद्रावर असतो, सकाळ-संध्याकाळ दुधाचं फॅट मोजतो. मी एकदा सहज म्हणालो, "अरे, नोकरीसाठी नको, तब्येतीसाठी तरी पळ." तो म्हणाला, "दादा, पळून काय मिळतंय?"

मला उत्तर देता आलं नाही. हा भाग म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा शोधलेलं उत्तर आहे असं समजा.

आता दुसरीकडे जाऊ. कंपनीनं मला प्रोजेक्टसाठी काही महिने इंग्लंडला पाठवलं होतं. तिथं ऑफिसातल्या एका बाईंनी विचारलं, शनिवारी सकाळी काय करतोस? मी खरं सांगितलं, झोपतो. त्या म्हणाल्या, पार्करनला ये. मी विचारलं, फी किती? फी नाही. पात्रता काय? पात्रता नाही. किती वेळात पूर्ण करायचं? जमेल तेवढ्या वेळात, चालत आलास तरी चालेल. मला वाटलं, यात नक्की काहीतरी गोम आहे. फुकट आणि पात्रता नाही म्हणजे शेवटी कोणीतरी विमा विकणार.

कोणी विमा विकला नाही. लंडनच्या नैर्ऋत्येला बुशी पार्क म्हणून प्रचंड मोठं राजघराण्याचं उद्यान आहे. मोकळी हरणं फिरत असतात. शनिवारी सकाळी नऊला तिथं हजाराच्या वर माणसं उभी होती. बाबागाडी ढकलणारे बाप, कुत्रं घेऊन आलेल्या बाया, शाळकरी पोरं, आमच्या तात्यांच्या वयाचे म्हातारे आणि अगदी पुढं ते सडपातळ, हरणासारखे पळणारेही. पाच किलोमीटर. मी ३८ मिनिटांत पूर्ण केलं, शेवटचा एक किलोमीटर जवळजवळ चालत. माझ्या पुढं काठीसारखी बारीक, पांढऱ्या केसांच्या एक आजी गेल्या. मी त्यांना गाठायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

दुपारी मोबाईलवर निकाल आला. माझं नाव, माझा क्रमांक, माझी वेळ, माझ्या वयोगटातला क्रमांक. शाळा सुटल्यापासून कुठल्याही खेळाच्या निकालात माझं नाव छापून आलं नव्हतं. खरं तर शाळेतही आलं नव्हतं. त्या रात्री मी या प्रकाराचा इतिहास शोधायला बसलो.

हा प्रकार सुरू झाला २ ऑक्टोबर २००४ रोजी. आपल्या गांधी जयंतीच्या दिवशी, योगायोगानं तोही शनिवारच होता. जागा हीच, बुशी पार्क. पळणारे किती? तेरा. सुरू करणाऱ्याचं नाव पॉल सिंटन-ह्युइट. हा माणूस क्लबात पळणारा, चांगला वेगवान. पण त्या वर्षी त्याला दुखापत झाली होती आणि पळणं बंद पडलं होतं. नोकरीही गेली होती. पळणारी मित्रमंडळी शनिवारी भेटत, नंतर कॉफी पीत आणि हा घरी बसून. मग त्यानं काय करावं? स्वतःला पळता येत नाही, तर दुसऱ्यांना पळवूया. मी घड्याळ धरतो, तुम्ही पळा, नंतर सगळे मिळून कॉफी पिऊ. एवढाच बेत.

मंडळी, इथं मी जरा थांबलो होतो. आज जगभर लाखो लोक ज्यात भाग घेतात, ती गोष्ट एका न पळणाऱ्या माणसानं सुरू केली. मैत्री तुटू नये म्हणून.

पहिली दोन वर्षं तरी हे एका बागेपुरतंच होतं. नावही साधं, बुशी पार्क टाइम ट्रायल. तिथल्या गंमती ऐकण्यासारख्या आहेत. शेवटच्या रेषेवर प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला द्यायचा तर बिल्ले कुठून आणायचे? हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर आणले. हो, आपण नटबोल्टला लावतो तेच वॉशर. त्यावर आकडे ठोकले. झाले बिल्ले. २००७ मध्ये विम्बल्डनला दुसरी जागा सुरू झाली, मग तिसरी, चौथी. पार्करन हे नाव नंतर रूढ झालं. आज वीसहून अधिक देशांत हे चालतं आणि सगळीकडे नियम तोच: दर आठवड्याला, मोफत, ठरलेलं अंतर, कायमचं.

आता माझ्यातला इंजिनियर जरा बोलतो, सहन करा. हजार माणसांची वेळ नोंदवायची तर काय लागतं? मोठ्या मॅरेथॉनमध्ये बुटाला किंवा छातीवरच्या क्रमांकाला चिप असते, जमिनीवर महागडी चटई असते. इथं ते काही नाही. एक माणूस रेषेवर उभा राहून घड्याळाचं बटण दाबत राहतो. कोण आलं हे तो बघतच नाही, फक्त कितवा आला आणि किती वाजता. ही झाली पहिली यादी. रेषा ओलांडणाऱ्याला क्रमांकाचा बिल्ला मिळतो. पुढं दुसरा माणूस त्या बिल्ल्याचा बारकोड आणि पळणाऱ्याचा स्वतःचा कायमचा बारकोड, दोन्ही वाचतो. ही झाली दुसरी यादी. दोन्ही याद्यांत समान रकाना एकच, क्रमांक. दोन याद्या जोडल्या की निकाल तयार. डेटाबेस शिकवताना पहिल्या महिन्यात जे शिकवतात, तेच. अर्थात बटण एकदा जास्त दाबलं गेलं तर पुढच्या सगळ्यांची वेळ एका घरानं सरकते. म्हणून बटणवाल्याला बोलतं करायचं नाही, हा तिथला अलिखित नियम आहे.

आणि हे सगळं करणारी माणसं पगारी नसतात. दर आठवड्याला पळणाऱ्यांतलेच काही जण त्या दिवशी पळत नाहीत, काम करतात. घड्याळ, बिल्ले, बारकोड, वळणावर उभं राहणं. यात मला सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे सर्वांच्या मागून चालणाऱ्याचं. एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागं राहतो. कितीही हळू चाललात तरी तो तुमच्या मागंच असणार. म्हणजे शेवटचा नंबर तुमचा कधीच येत नाही. शेवटचा नंबर आधीच त्याच्या नावावर आहे.

मग यात पराक्रम कशाला म्हणायचं? त्याचीही पद्धत आहे. एक म्हणजे स्वतःची आतापर्यंतची सर्वोत्तम वेळ. दुसरं, वयानुसार टक्केवारी. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या जगातल्या सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत तुम्ही किती टक्के, हे काढतात. त्यामुळे सत्तर वर्षांच्या आजी पंचविशीतल्या पोराला टक्क्यांत सहज मागं टाकतात. मला टाकलंच. तिसरं म्हणजे हजेरी. २५, ५०, १००, २५०, ५०० अशा टप्प्यांचे क्लब आहेत, त्या त्या टप्प्याचा टी-शर्ट घालायचा मान आहे. हिशोब करा. दर आठवड्याला एकदा म्हटलं तर पन्नास म्हणजे जवळपास वर्ष. अडीचशे म्हणजे पाच वर्षं. पाचशे म्हणजे दहा. हा वेगाचा पराक्रम नाही, टिकण्याचा आहे. आणि स्वयंसेवकांच्याही हजेरीचे असेच टप्पे आहेत. घड्याळ धरणाराही मोजला जातो.

यावर भांडणंही झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पार्करननं आपल्या संकेतस्थळावरून वेगाचे बरेचसे विक्रम काढून टाकले. कोणत्या जागी सर्वांत कमी वेळ कोणाची, सर्वांत जास्त वेळा पहिलं कोण, अशा याद्या. त्यांचं म्हणणं असं की नवख्या माणसाला या याद्या बघून दडपण येतं. वेगवान पळणारे चिडले. माझी सहानुभूती दोन्हीकडे आहे. का, ते पुढं सांगतो.

पण आठवड्याला जमून पळण्याची कल्पना काही २००४ ची नाही. त्याआधी न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड होते. ऑलिंपिक पदकविजेते घडवणारे प्रशिक्षक. १९६० च्या रोम ऑलिंपिकनंतर त्यांचं नाव जगभर झालं. पण त्यांनी ऑकलंडमध्ये आणखी एक उद्योग केला. मध्यमवयीन, पोट सुटलेल्या, काही तर हृदयविकार झालेल्या माणसांना हळूहळू पळायला लावलं. त्या काळी हृदयविकार झालेल्या माणसाला पडून राहायला सांगत. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेतले प्रशिक्षक बिल बॉवरमन तिथं गेले. हेच पुढं नायकी कंपनीचे सहसंस्थापक. लिडियार्ड त्यांना रविवारच्या त्या मंडळींबरोबर पळायला घेऊन गेले. बॉवरमन स्वतः प्रशिक्षक, तरी धाप लागून मागं पडले आणि सत्तरी ओलांडलेला, हृदयविकाराचे झटके येऊन गेलेला एक म्हातारा त्यांच्यासाठी थांबत थांबत गप्पा मारत पळत होता. बॉवरमन घरी परतले, लोकांना जमवलं आणि १९६७ मध्ये जॉगिंगवर पुस्तक लिहिलं. आपण आज ज्याला जॉगिंग म्हणतो, त्याचा प्रसार असा झाला. एक म्हातारा, एक रविवार.

आता आपल्याकडे येऊ. कारण कोणीतरी म्हणणारच, हे सगळं गोऱ्यांचं कौतुक झालं. तर चला आणखी मागं, १९१९-२० च्या पुण्यात.

डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झालेला. १९१९ मध्ये तिथल्या मैदानी स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पळणारे बरेचसे शेतकरी घरांतले, अनवाणी. आधुनिक प्रशिक्षण वगैरे काही नाही. पण त्यांच्या वेळा पाहून दोराबजी चकित झाले, कारण त्या युरोपातल्या पळणाऱ्यांच्या आसपास येत होत्या. मुंबई प्रांताचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्याशी त्यांचं बोलणं झालं. पुढच्या वर्षी बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिंपिक होतं. तिथं हिंदुस्थानचा संघ का जाऊ नये? आणि संघ गेला. सहा खेळाडू: चार पळणारे, दोन पैलवान. खर्चाचा मोठा भार दोराबजींनीच उचलला. देश म्हणून आपण पाठवलेला तो पहिला संघ.

त्या चार पळणाऱ्यांत एक होते फडेप्पा चौगुले. बेळगावचे. आमच्या मुरगूडहून निपाणीमार्गे निघालात की गाडीनं दोन-अडीच तासांत बेळगाव येतं, म्हणजे आमच्याच भागातला माणूस म्हणायचा. २२ ऑगस्ट १९२० रोजी ते अँटवर्पला मॅरेथॉन पळाले. त्या वर्षीचं अंतर नेहमीपेक्षाही जास्त होतं, ४२.७५ किलोमीटर. ऑलिंपिकच्या इतिहासातलं सर्वांत लांब. चौगुले १९ वे आले. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. दुसरे मराठी धावपटू सदाशिव दातार यांना ती शर्यत पूर्ण करता आली नाही. पैलवानांपैकी रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं.

मी सवयीप्रमाणे आकडेमोड केली. चौगुल्यांचा वेग किलोमीटरला साधारण चार मिनिटं. असे ४२ किलोमीटर! मी एक किलोमीटरही त्या वेगानं पळू शकत नाही. जिंकलेले फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन, २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंद. त्यांचा वेग किलोमीटरला ३ मिनिटं ३४ सेकंद. आणि मग मी सहज भरतीचं गणित केलं. १६०० मीटरला पाच मिनिटं पंचेचाळीस, म्हणजे किलोमीटरला साधारण ३ मिनिटं ३६ सेकंद. म्हणजे बघा, १९२० मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक ज्या वेगानं मिळालं, जवळजवळ त्या वेगानं आमच्या गावची पोरं ट्रॅक्टरच्या उजेडात पळायचा प्रयत्न करत असतात. अंतर कमी आहे, मान्य. पण वेग तोच. आणि या पोरांना आपण नापास म्हणतो.

आता मघाचं सांगतो. विक्रमाच्या याद्या काढाव्यात की ठेवाव्यात? चौगुले १९ वे आले होते. पदक नाही. तरी शंभर वर्षांनंतर मी मुरगूडमध्ये बसून त्यांची वेळ सेकंदासकट सांगू शकतो. कशामुळे? कोणीतरी घड्याळ धरून एकोणिसाव्या माणसाचीही वेळ लिहिली म्हणून. आणि माझा भाऊ? त्याच्या त्या दिवसाची वेळ कुठंच नाही. दोरी आडवी झाली, दोरीच्या बाहेरच्यांची वेळ लिहायचं कारणच नव्हतं. भरतीला माणसं निवडायची असतात, त्यामुळे त्यात चूक काही नाही. पण त्याला आजही माहीत नाही की तो एका सेकंदानं राहिला की पाच. तीन वर्षं पहाटे पळून हातात एक आकडासुद्धा आला नाही.

म्हणून मला वाटतं, भांडण वेगवानांची नोंद ठेवायची की नाही, याचं नाहीच. नोंद सगळ्यांची ठेवायची. पहिल्याची, एकोणिसाव्याची आणि दोरीबाहेरच्याचीही.

आपल्याकडे पळण्याच्या मोठ्या स्पर्धा कमी नाहीत. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासून. मुंबई मॅरेथॉन फेब्रुवारी २००४ पासून, म्हणजे बुशी पार्कच्या त्या तेरा जणांच्या आठ महिने आधी. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमधून सगळ्यांना माहीत झाल्या आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचल्या, दहाव्या आल्या. आणि बारामतीच्या लता करे आठवतात? साठीच्या बाई, नवऱ्याच्या तपासण्यांना पैसे हवेत म्हणून नऊवारी नेसून अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावर पुढं सिनेमाही आला. त्यांना कोणी विचारलं असतं, पळून काय मिळतंय, तर त्यांच्याकडे सरळ उत्तर होतं.

पण या सगळ्या स्पर्धा वर्षातून एकदा. फी, नोंदणी, टी-शर्ट, मेडल, फोटो. आणि पळून काहीतरी मिळायलाच हवं, ही अट. दर आठवड्याला, फुकट, काही न मिळवता, असं आपल्याकडे जमेल का? आपल्या लोकांचा हा स्वभाव आहे का?

हे मी आईला विचारलं तर ती हसली. म्हणाली, "अमावस्येला आदमापूरला कोण काय मिळवायला चालत जातंय?" आमच्यापासून आदमापूर जवळच, बाळूमामांचं. दर अमावस्येला रस्ते माणसांनी भरतात. चालणाऱ्यांत पहिला कोण आला, कोणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, किती अमावस्या झाल्या? खंड पडला का? पंढरीच्या वारीचंही तेच. वारकरी सांगताना काय सांगतो? माझी इतकी वारी झाली. अहो, पन्नास आणि शंभरचा टी-शर्ट आपल्याकडे आधीपासूनच आहे, फक्त त्यावर आकडा छापलेला नाही. ठरलेला दिवस, ठरलेली वाट, मागं पडलेल्याला सांभाळून घेणारी दिंडी. सर्वांच्या मागून चालणारा तो इंग्लंडातला स्वयंसेवक मला परका वाटला नाही, त्याचं कारण बहुतेक हेच असावं.

तर मंडळी, गेल्या दिवाळीनंतर आम्ही एक उद्योग केला. आमच्याकडे सर पिराजीराव तलाव आहे, गावचा जुना तलाव. त्या बाजूच्या रस्त्यावर मोबाईलनं मोजून अडीच किलोमीटरला चुन्याची खूण केली. जाऊन-येऊन पाच. रविवारी सकाळी सहा. गावातल्या एक-दोन ग्रुपवर टाकलं: फी नाही, बक्षीस नाही, चाललं तरी चालेल. त्यावर पहिला प्रश्न आला, "नाश्ता आहे का?"

पहिल्या रविवारी सात जण आलो. तेराला सहा कमी! भरतीची तीन पोरं, एक निवृत्त मास्तर, फेरफटक्याला आलेल्या दोन काकू आणि मी. काकूंनी आधीच सांगितलं, आम्ही पळणार नाही, चालणार आणि बोलणार. बिल्ल्यांसाठी मी हार्डवेअरच्या दुकानातून वॉशर आणले होते, ऑइलपेंटनं आकडे घातले. पण घड्याळ कोण धरणार? मला तर पळायचं होतं.

भाऊ डेअरीचं काम आटपून, हातात किटली घेऊन, गंमत बघायला आला होता. मी म्हणालो, जरा बटण दाबशील का? तो म्हणाला, "मी पळणार नाही हं, आधीच सांगतो." मी म्हणालो, पळू नकोस रे, नुसतं दाब. त्यानं किटली बाजूला ठेवली. "घड्याळ दे हिकडं."

भरतीचं पहिलं पोरगं आलं एकवीस मिनिटांत. काकू आल्या सत्तावन्न मिनिटांनी, बोलतच. तोवर ऊन वर आलं होतं, मास्तर घरी गेले होते. मला वाटलं हा कंटाळून निघून गेला असेल. तो उभा होता. दोन्ही काकूंची वेळ त्यानं सेकंदासकट लिहिली आणि वहीत त्यांची नावं विचारून घातली. नुसतं "काकू" नको, पूर्ण नाव सांगा म्हणाला. त्यातल्या एकीनं वही हातात घेऊन आपलं नाव बराच वेळ बघितलं.

तेव्हापासून बरेच रविवार झाले. कधी बारा जण येतात, कधी चार. पावसात एकदा दोघंच होतो. मी पुण्यात अडकलो की मी नसतो, पण घड्याळ असतं. वही आता त्याच्याकडेच आहे. तीत माझ्यापेक्षा त्याची हजेरी जास्त आहे. भरतीच्या पोरांना तो वेगाचं सांगतो, पहिल्या फेरीत दम घालवू नका म्हणतो. एका पोराला म्हणाला, "दोरी पडली तरी थांबायचं नाय, रेषेपर्यंत यायचं. वेळ मी लिवतो."

तो स्वतः पळाला का, हे तुम्ही विचारणार. नाही, अजून नाही. मी आग्रह केलेला नाही. पळून काय मिळतंय, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं ठरवलं होतं, तेही अजून तोंडानं दिलेलं नाही. मागच्या रविवारी एवढंच बघितलं की माळ्यावरचे बूट खाली आलेत, दारात ठेवलेत. आई म्हणाली, हवा लागायला काढलेत. असतील.

तुमच्या गावात करायचं असेल तर लागतं काय ते सांगून थांबतो. एक सरळ रस्ता, जिथं सकाळी गाड्या कमी. चुन्याची एक खूण. एक मोबाईल, एक वही, एक पेन. थोडे वॉशर, जमलं तर. घड्याळ धरणारा एक माणूस आणि सर्वांच्या मागून चालणारा एक माणूस. वार आणि वेळ एकदा ठरली की बदलायची नाही. आणि वहीत नाव सगळ्यांचं लिहायचं, पूर्ण नाव.

भेटू पुढच्या भागात. राम राम.